दोन खुणांचे डबे

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर लहानपणापासून वाकडं आहे, त्याबद्दल वाचणाऱ्याने माफ करावं. कोणी वाचेल असंही नाही. पण पोलीस खात्यात असताना पाहिलेलं एक प्रकरण इतक्या वर्षांनीही मनातून उतरलेलं नाही, आणि तोंडाने सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते. नाव कोणाचंच लिहीत नाही. गाव तापीकाठचं, प्रकाशापासून फार लांब नाही, एवढं पुरे.

तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. मोठी कामं सगळी धुळ्याला जायची. माझे यजमान तालुक्याच्या ठाण्यात शिपाई होते. ते तापाने गेले, तेव्हा बायकांची झडती घ्यायला आणि बाई आरोपी आली तर तिच्यापाशी बसायला मला ठाण्यात ठेवून घेतलं. पुढे मी रीतसर शिपाई झाले, निवृत्त होताना जमादार होते. पण हे प्रकरण सुरुवातीचं, एकोणीसशे साठच्या थोडं आधीचं. त्या वेळी साहेबांसमोर उभं राहिलं की मला नजर वर करवत नसे. ठाणे अंमलदार जमादार मोठ्या मिशांचे होते. ते सगळ्यांना सांगायचे, "आमच्या बाईंना आरोपीजवळ बसवा. शेवटी कंटाळून आरोपीच बोलायला लागतो." सगळे हसायचे. मीही पदराआड हसायचे.

एका सकाळी म्हसावदकडचा एक शेतकरी सायकल दामटत ठाण्यात आला. त्याच्या बहिणीचा नवरा आदल्या दिवशी संध्याकाळी वारला होता. तो म्हणाला, हे मरण साधं नाही, विष घातलंय, आणि तिकडे तिरडी बांधून झालीय, लवकर चला. फौजदारसाहेबांनी त्याला एकच विचारलं, "विष घातलं हे कशावरून?" तो म्हणाला, "मन्ही बहीणनी डोयानी देखं शे."

साहेब, दोन शिपाई आणि मी बैलगाडीने निघालो. वाटेत बैल हळू चाललेत असं वाटून मी मनातल्या मनात त्यांना हाकत होते. चितेला अग्नी दिला की पुरावाच जातो, हे मला तोवर कळायला लागलं होतं. आम्ही नदीवर पोचलो तेव्हा प्रेत खाली ठेवलेलं होतं आणि मडकं खांद्यावर घेऊन मयताचा भाऊ उभा होता. तो उभा होता असं लिहिते, पण त्याला दोघांनी धरलेलं होतं. दारू प्यायलेल्या माणसासारखे त्याचे पाय फाकत होते. साहेबांनाही पहिल्यांदा तसंच वाटलं. गावच्या पोलीस पाटलाने कानाशी लागून सांगितलं, "साहेब, प्यायलेला नाही. ते त्या घरातलं दुखणं आहे."

ते दुखणं असं होतं. घर गुजर शेतकऱ्यांचं, केळी-कापूस पिकवणारं, नांदतं. पण त्या घरात तिशी-पस्तिशीला कोणाचा तरी तोल जायला लागायचा. आधी चालणं डुगडुगायचं, मग हात, मग जीभ जड व्हायची, शेवटी गिळणंही कठीण. आजोबा तसेच गेले, वडील तसेच गेले. थोरला मुलगा, म्हणजे मयत, अंथरुणाला खिळून होता. धाकट्याला नुकतं सुरू झालं होतं. गावात त्या घरात मुली द्यायला लोक कचरायचे. ज्यांनी दिल्या त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं.

तर या घरात वर्षभरापासून शहरातल्या मोठ्या इस्पितळातला एक तरुण डॉक्टर दर महिन्याला यायचा. तो औषध देत नव्हता. काही विद्वानांना वाटतं की खाण्यातलं काहीतरी कमी पडून या लोकांच्या नसा वाळतात, आणि ते खाण्यातूनच भरून काढता येईल का, हे त्याला तपासायचं होतं. म्हणून त्याने धान्याचे कोंब, कोंडा आणि यीस्ट यांची भुकटी आणली होती. पण सगळ्यांना ती दिली नव्हती. थोरल्याचा डबा लाल खुणेचा, धाकट्याचा निळ्या खुणेचा. एकात खरी भुकटी, दुसऱ्यात तसाच रंग आणलेलं भाजक्या चण्याचं पीठ. कोणत्यात काय, ते त्याने सांगितलं नव्हतं. दर महिन्याला तो अंगणात चुन्याची रेघ ओढायचा, त्या रेघेवरून दोघा भावांना चालायला लावायचा. थोरल्याला उभं राहणंही जमेना, तेव्हा त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पेला द्यायचा आणि किती सांडतं ते मोजायचा. कोणाचं दुखणं कमी वेगाने वाढतं, हे वर्ष-दोन वर्षांत कळेल, मग सगळ्यांनाच देऊ, असं त्याने घरच्यांना समजावलं होतं. डबे मिसळू नका, बदलू नका, नाहीतर मला हे बंद करावं लागेल, असंही बजावलं होतं.

आता फिर्याद. मयताची बायको, म्हणजे थोरली जाऊ, तिने साहेबांपुढे सांगितलं की महिन्याचे डबे आले त्या दिवशी ती चाऱ्याचा भारा घेऊन मागच्या दाराने आत आली, तर धाकटी जाऊ चुलीपुढे दोन्ही डबे उघडे ठेवून एकातली भुकटी दुसऱ्यात ओतत होती. थोरलीला पाहून ती दचकली आणि डबे झाकले. "तिनी डबा बदलावना. नहीतं काही कालवं," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. रडून रडून घोगरा झाला होता.

हेतूही होता. जमिनीचं वाटप व्हायचं होतं. गावात कुजबुज होती की निळ्या डब्यात नुसतं पीठ आहे.

साहेबांनी प्रेत ताब्यात घेतलं, पंचनामा केला, दोन्ही डबे सील केले. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. श्वासनळीत अन्नाचे कण सापडले. पण विषाने उलटी झाली तरी तसे सापडू शकतात, म्हणून पोटातले भाग बाटल्यांत भरून मुंबईला रासायनिक तपासणीला पाठवले. तो अहवाल यायला किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नव्हतं. धाकटीला ठाण्यात आणलं.

आमच्याकडे बायकांची वेगळी कोठडी नव्हती. मुद्देमालाच्या खोलीशेजारी एक लहान खोली होती, तिथे तिला बसवलं आणि दारात मला. माझ्यावर जबाबदारी अशी की तिने जिवाचं काही बरंवाईट करू नये. मी तिच्या बांगड्या काढून घेतल्या, खोलीतली सुतळी बाहेर नेली, आणि तरी तिच्या पदराकडे बघून मला धडकी भरायची. ती पंचविशीची असेल. कपाळापर्यंत पदर. घरात ते लोक गुजरी बोलतात, बाहेरच्यांशी अहिराणी.

साहेब दिवसातून दोनदा येऊन विचारायचे. ते मारहाण करणारे नव्हते. खुर्ची ओढून बसायचे.

"तू डबे उघडले होतेस का?"

गप्प.

"कशात काय घातलंस?"

गप्प.

"अगं, तुझ्या भल्यासाठी विचारतोय. खुनाचं कलम लागलं तर काय होईल, ठाऊक आहे?"

तेव्हा ती एकदाच बोलली. "माले काही सांगानं नही."

साहेब बाहेर येऊन जमादारांना म्हणाले, "निर्दोष माणूस एवढा गप्प बसत नाही." हे पोलिसांचं नेहमीचं वाक्य. मीही तोवर ते खरं मानत होते. पण मी स्वतः जन्मभर गप्प बसलेली बाई. गप्प बसायला गुन्हाच लागतो असं नाही, हे मला ठाऊक होतं, आणि साहेबांना ते सांगायची हिंमत नव्हती. नुसती काळजी करत बसले.

तिला तारखेला उभं करायचं होतं त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. सरकारी जेवण तिने परत केलं होतं, सलग तिसऱ्यांदा. मी घरून माझी शिदोरी आणली होती. एक कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, एक गव्हाची पोळी आणि मिरचीचा ठेचा. पोळी आमच्या घरी रोज होत नसे. भावजयीने सणाची म्हणून दिली होती. मी फडकं सोडलं आणि पोळी तिच्यापुढे सरकवली.

"खा व माय," मी म्हटलं. "पोटले काय शिक्षा?"

तिने पोळीकडे पाहिलं, मग माझ्यापुढच्या भाकरीकडे. तिने पोळी मधोमध फाडली. मग भाकर ओढून घेतली, तीही मोडली. अर्धी पोळी आणि अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवली, अर्धी-अर्धी आपल्यापुढे. पोळीचा तिचा तुकडा जरा मोठा वाटला, तर त्यातला कोपरा तोडून माझ्याकडे टाकला.

"अवं, पोळी तूच ले ना," मी म्हटलं. "मी रोज खास."

खोटं होतं ते, मी कुठली रोज पोळी खायला. ती पहिल्यांदा किंचित हसली. "आम्हना घरमा असं चालस नही, माय. जे येस ते सासूबाईपुढे ठेवतस. त्या सारखं करतस. कोनले चांगलं, कोनले हलकं, असं नही. शेंगदाणाबी मोजीसन देतस."

मी घास तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. मला एकदम त्या घराचं स्वयंपाकघर दिसलं. पंचनाम्याच्या दिवशी चुलीशेजारी मोठी पितळी परात पालथी होती आणि सासू, पोटचा पोर गेलेली, कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. दुःखातल्या माणसाला त्रास नको म्हणून तिचा जबाब कोणी घेतला नव्हता.

मी खूप हळू विचारलं, "मंग त्या डबास्नंबी असंच करं का?"

तिचा हात थांबला. आधी ती माझ्याकडे बघत राहिली, मग दाराकडे, आणि मग तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली.

"डॉक्टरले सांगू नका. तुम्हले तुम्हना पोरसोरनी आन शे. तो भुकटी बंद करी दी."

मग सगळं आलं. डबे घरी आले की सासूबाई धाकटीला हाक मारायच्या. दोन्ही डबे परातीत उपडे करायच्या, हाताने कालवायच्या आणि पुन्हा दोन्ही डब्यांत सारखं भरायला लावायच्या. त्याआधी मूठभर बाजूला काढायच्या, घरातल्या लहान मुलांसाठी. दुखणं त्यांच्याही रक्तात असेल म्हणून. थोरलीला हे सांगितलेलं नव्हतं, कारण तिचा डॉक्टरांच्या लाल डब्यावर फार जीव होता. तिला वाटायचं लाल म्हणजे खरा. त्या दिवशी थोरलीने पाहिलं ते हेच. सासूबाई नातवाला बघायला पडवीत गेल्या होत्या, आणि धाकटी दोन्ही डबे सारखे करायला एकातलं दुसऱ्यात ओतत होती.

"मंग सांगती का नही? फाशी लागी व माय."

"मन्हा पोऱ्या सहा वरीसना शे," ती म्हणाली. "मी गयी तरी सासूबाई त्याले भुकटी देतीन. भुकटीच बंद व्हयनी तं कोन दी?"

मी तिला शब्द दिला नाही. हे लिहिताना बरं वाटतं, कारण दिला असता तर मोडावा लागला असता. मी फडकं तसंच टाकून उठले. साहेबांच्या खोलीच्या दाराशी दोनदा गेले आणि दोनदा परत आले. जमादार म्हणाले, "काय हो बाई, पाणी हवंय का?" मी मान हलवली. तिसऱ्यांदा आत शिरले ते डोळे जमिनीवर ठेवूनच. मी म्हटलं, "साहेब, त्या घरात वाढतं कोण, ते विचारायचं राहिलंय."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी मला दोनदा सगळं सांगायला लावलं आणि लगेच गाडी जोडायला सांगितली. शहरातल्या डॉक्टरला तार केली.

सासूला विचारायला फारसं काही लागलंच नाही. साहेबांनी परातीचं नाव काढलं आणि ती सरळ म्हणाली, "हा, मीच करं. माले कोनी इचारंच नही." घरातली सगळी मुलं तीच भुकटी खात होती, ती स्वतःही चवीला खायची, आणि सगळी धडधाकट समोर बसलेली होती. डब्यात विष असतं तर अर्धं घर गेलं असतं. थोरल्याला त्या संध्याकाळी कोणी भरवलं, हेही तेव्हाच कळलं. आईनेच. दुधात कुस्करलेली पोळी. तिसऱ्या घासाला ठसका लागला आणि थांबलाच नाही. हे सांगताना ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

थोरली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला वाटलं ती सासूवर तुटून पडेल, नाहीतर खोट्या फिर्यादीबद्दल तोंड लपवेल. तिने एवढंच म्हटलं, "म्हंजे मन्हा धनीले अर्धंच भेटनं."



डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. सडपातळ, जाड चष्म्याचा, धुळीने माखलेला. साहेबांनी त्याला सगळं सांगितलं. तो ठाण्याच्या बाकावर बसला, चष्मा काढून धूळ पुसली. सासूला जबाबासाठी आणलेलं होतं. त्याने तिला चिडून नाही, अगदी मुलाने आईला विचारावं तसं विचारलं, "आजी, मी एवढं समजावलं होतं. का केलंत असं?"

"बाबा, दोन्ही मन्हाच पोटना. एकले खरं आनि दुसराले पीठ, असं कोन माय करी?"

"पण त्याशिवाय ते खरं आहे की नाही हेच कळत नाही हो, आजी. मलाही ठाऊक नाही. तेच तर बघत होतो."

"तू बघ ना. बघाले कोन नही म्हनस? पन माले वाढानं पडस."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे वर्ष वाया?" डॉक्टर म्हणाला, "दोघांच्या पोटात सारखंच गेलं. आता कोणाची कोणाशी तुलना करू?" त्यानेच साहेबांना लिहून दिलं की भुकटीत अपायकारक काही नव्हतं आणि या दुखण्यात घास श्वासनळीत जाऊन माणूस दगावतो.

आतल्या खोलीच्या दाराची फट हलली. धाकटी ऐकत होती. मी आयुष्यात कधी परक्या पुरुषाला आपणहून प्रश्न केला नव्हता, डॉक्टरला तर नाहीच. पण माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ होते.

"भुकटी बंद करणार का?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "माझं काम बंद झालं, बाई. भुकटी पाठवत राहीन, जमेल तोवर. सगळ्यांनाच. पण तिने फरक पडला की नाही, ते आता मलाही कळणार नाही आणि त्यांनाही नाही."

धाकटीला सोडलं. मुंबईचा अहवाल फार उशिरा आला, विष नाही. प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून बंद झालं. भुकटी काही काळ येत होती. मग डॉक्टरची कुठेतरी लांब बदली झाली असं ऐकलं.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते मी पुढे नोकरीत पाळलं. घरात मरण झालं की आम्ही आधी विचारतो, भांडण कोणाचं, जमीन कोणाची. मी आधी विचारायचे, जेवण कोण वाढतं. जो वाढतो त्याला घरातलं बरंच काही ठाऊक असतं, आणि त्याला कोणी विचारत नाही. दुसरं हे, की गप्प बसलेल्या माणसाला आपण भितो, तेव्हा तो कोणाला वाचवतोय हे बघायचं राहून जातं. हे मी नव्या मुलींना सांगायचे, तेही चार वाक्यांत, मान खाली घालून.

पण एक गोष्ट मला सुटली नाही. त्या आजीने केलं ते वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या दोन मुलांपुढे ते डबे आले असते तर मीही परात घेतली असती. आणि तरी त्या परातीमुळेच त्या भुकटीत काही होतं की नव्हतं, हे कायमचं कालवलं गेलं.

आठ-दहा वर्षांनी यात्रेच्या बंदोबस्ताला मी प्रकाशाला होते. उन्हाची वेळ. घाटावर गर्दी कमी झाली होती, पायऱ्या तापून कोरड्या झाल्या होत्या. कोणीतरी माझ्या खाकीच्या बाहीला हात लावला. धाकटी होती. केस पिकायला लागलेले. नवरा अंथरुणावर आहे म्हणाली. थोरली आणि ती एकाच चुलीवर असतात, सासूबाई गेल्या. मी विचारण्याआधीच तिने नदीकडे बोट केलं. तिचा मिसरूड फुटलेला मुलगा काठाच्या कोरड्या पायरीवर उकिडवा बसून, हात लांबवून तांब्या भरत होता.

"रोज सकाय भरेल पेला आनाले लावस त्याले," ती हळूच म्हणाली. "त्याले वाटस, माले पूजाले पानी लागस."

"सांडस का?"

"आजून तं नही."

मुलगा तांब्या बाहेरून सदऱ्याला पुसून पायऱ्या चढायला लागला. काठोकाठ भरलेला होता. तो आमच्याकडे बघून हसला, आणि मला वाटलं, हसू नको रे, खाली बघ. ती पुढे वाकून बघत होती. "देखा ना माय," ती म्हणाली, "सरळ चालस ना तो?"

"सरळ चालस," मी म्हटलं.

तो आमच्याजवळून वर निघून गेला. ती लगेच त्याच्यामागे गेली नाही. आधी खाली उतरली, पाण्याच्या काठाशी, आणि तिथून एकेक पायरी निरखत वर आली. एका पायरीवर थांबून तिने तळवा टेकवला, उचलून पाहिला, आणि पुढे चढली. मीही तिच्यामागून चढले, खाली बघत.

सगळ्या पायऱ्या कोरड्या होत्या.